पंधरावं नाव

मावशी कधी पॅव्हेलियनमध्ये बसली नाही. निवड समितीच्या माणसांसाठी तिथे गादीच्या खुर्च्या असतात, डोक्यावर पंखा असतो, मागाल तेव्हा चहा येतो. मावशी तिकडे फक्त बाटली भरून घ्यायला जायची. मग आपली घडीची खुर्ची काखेत मारून मैदानाच्या कडेकडेनं चालायला लागायची. साइटस्क्रीनच्या पांढऱ्या फळ्यांशेजारी, जिथे गवत संपतं आणि माती सुरू होते, तिथे खुर्ची उघडायची आणि गुडघे हातांनी धरून हळूच टेकायची.

"वर बसून खेळाडू निवडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," ती म्हणायची. "शेळीच्या पायात काटा आहे की नाही, ते खाली उतरल्याशिवाय कसं कळणार?"

तिचं सगळं बघणं पायांवरून. देशाच्या मुलींच्या संघाकडून ती नऊ सामने खेळली होती, यष्ट्यांच्या मागे उकिडवी बसून. उकिडव्या माणसाला पाय आधी दिसतात, चेहरे नंतर. त्या काळी मुलींचा संघ परगावी गेला की शाळेच्या वर्गात उतरायचा. बाकं भिंतीला लावायची, फळा पुसायचा, खाली सतरंज्या पसरायच्या. दिवसभर खेळून आल्यावर स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, आणि ते सकाळपर्यंत वाळले नाहीत तर ओले घालून उतरायचं. मग सव्वीस वर्षं तिनं शाळेत खेळ शिकवले. आता गुडघे असे झाले होते की ती उठली की आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जायचा. नवरा शिंपी. तो मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "आलीस का? बिजागऱ्यांना तेल घाल."

देशाच्या मुलींचा एकदिवसीय संघ निवडणारी समिती तीन माणसांची. अध्यक्ष म्हणजे मावशीची जुनी कप्तान, जिला आजही सगळे कप्तानच म्हणतात. दुसरा एक निवृत्त प्रशिक्षक. तो चौकटीची वही घेऊन फिरतो आणि सरासरी दशांशापर्यंत सांगतो, म्हणून त्याला मास्तर म्हणतात. आणि तिसरी मावशी. माळ्यापासून पंचापर्यंत सगळ्यांची ती मावशीच.

मावशीचा एक नेम होता. ती नाव विचारायची नाही. वहीत फक्त शर्टावरचा नंबर लिहायची, आणि त्या नंबरानं काय केलं ते. गुणफलक ती सामना संपल्यावर बघायची, तोही एका डोळ्यानं. तिच्या काळात एक यादी आडनावांवरून ठरली होती आणि तीन चांगल्या मुली घरी बसल्या होत्या. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. नाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की कुणाची कोण ते कळतं, आणि मग डोळा आपोआप वाकतो. या नेमाचा तिला अभिमान होता. माणसाला अभिमान असावा. पण तो अंगाला घट्ट बसला की श्वास घेताना टोचतो, हे तिला उशिरा कळलं.

त्या वर्षी चार महिन्यांत तिनं एकोणीस मैदानं पाहिली. बसनं जायचं, बसनं यायचं. कुठे गवत होतं, कुठे नुसते खडे. प्रत्येक कुंपणाशी कुणाचा तरी काका उभा. "मावशी, आमच्या पोरीकडे जरा लक्ष असू द्या हं." ती म्हणायची, "लक्ष सगळ्यांकडे आहे. तुमच्याकडे तेवढं नाही." पहिल्या महिन्यात असं म्हणताना ती हसायची. चौथ्या महिन्यात नुसती हात हलवायची.

एकोणिसाव्या मैदानावर ती उशिरा पोचली. बसचं चाक पंक्चर झालं, मग पान्याचा शोध, मग पाना सापडला तर चालक सापडेना. ती पोचली तेव्हा एक डाव होऊन गेला होता आणि दुसऱ्या डावाची बारा षटकं झाली होती. बाटलीसुद्धा न भरता ती फळ्यांशेजारी जाऊन बसली, आणि बसता क्षणी तिला पॉइंटला उभी असलेली मुलगी दिसली.

खेळपट्टीशी काटकोनात, चेंडू जिथे सगळ्यात जोरात येतो ती ही जागा. मुलगी लहान चणीची होती. शर्ट मांडीपर्यंत लोंबत होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या, हनुवटीवर पट्टी, टोपी डोळ्यांवर. पण पाय! चेंडू टाकायच्या आधी ती टाचा उचलायची, नुसत्या बोटांवर, जशी शेताच्या बांधावरची टिटवी उडायच्या आधी असते. फटका बसायच्या आत ती निघालेली असायची. मावशीनं मोजलं नाही, पण पंचवीस-तीस धावा तरी त्या मुलीनं अडवल्या, दोघींना धावबाद केलं, आणि एक झेल असा घेतला की मारणारी जागेवरच उभी राहून बघत बसली. मावशीच्या अंगावर काटा आला. चार महिन्यांत पहिल्यांदा ती दमल्याचं विसरली.

वहीत तिनं लिहिलं: सत्तावीस. पॉइंट. अशी मी पाहिली नाही.

शर्टावर सत्तावीस होतं. नंतर गुणफलकावर तिनं बघितलं, सत्तावीस नंबरनं पहिल्या डावात एकसष्ट धावा काढल्या होत्या. दुधात साखर. परतीची बस लागली होती, म्हणून ती कुणाशी न बोलता निघाली.

निवडीच्या बैठकीत चौदा नावं तासाभरात झाली. पंधराव्या नावाशी गाडी अडली. मास्तरची एक मुलगी होती, संथ पण खंबीर, सरासरी एकेचाळीस. मावशी म्हणाली, सत्तावीस.

"तिची चौतीस आहे," मास्तर म्हणाला.

"आणि ती अडवते त्या धावा तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात बसतात?"

मास्तर वहीकडे बघत राहिला. कप्तान म्हणाली, "मावशीची नजर आहे. आजवर चुकली नाही. लिही सत्तावीस." मास्तरनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं.

यादी दुसऱ्या दिवशी चार वाजता टीव्हीवर जाहीर व्हायची होती. पण पारपत्राचे कागद गोळा करायचे असतात, म्हणून कार्यालयातून मुलींना आदल्या संध्याकाळीच फोन जातात, आणि कुणाला सांगू नका असं बजावलं जातं. कुणाला सांगू नका म्हटल्यावर गल्लीला कळायला किती वेळ लागतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मावशी दारात पाय पसरून बसली होती. फाटक वाजलं. एक उंच मुलगी संघाचा शर्ट घालून आत आली. फाटकापासून दारापर्यंत वीस पावलं. ती वीस पावलं मावशी बघत राहिली. मुलगी सावकाश, टाच आधी टेकत, डावा पाय किंचित बाहेर टाकत येत होती. चांगली फलंदाज चालते तशी. मावशीनं हातातला कप खाली ठेवला.

"मावशी, मी... काल फोन आला होता. आई म्हणाली, भेटून ये."

मशीन थांबलं. शिंपी चष्म्यावरून बघत होता. "अगं, तू म्हणाली होतीस की तिला शर्ट मोठा होतो," तो म्हणाला. "हिला तर खांद्यात कसतोय. एक इंच सोडायला हवा."

मुलगी वळली तेव्हा पाठीवर सत्तावीस दिसलं.

"बस," मावशी म्हणाली. "त्या सामन्यात पॉइंटला कोण होतं?"

मुलीनं सगळं एकदम सांगून टाकलं. तिच्या बोटाला फलंदाजी करताना चेंडू लागला होता, म्हणून दुसऱ्या डावात ती आत बर्फ धरून बसली होती. पॉइंटला अकरा नंबर होती. पहिल्याच षटकात तिनं सूर मारला आणि हनुवटी फुटली. शर्टावर रक्त आलं की पंच तो शर्ट घालून खेळू देत नाहीत. तिच्याकडे दुसरा नव्हता. "मी माझा दिला. बारा षटकं व्हायच्या आत ती पट्टी लावून परत उतरलीसुद्धा."

"फोनवर काय सांगितलं तुला?"

"की मावशींना पॉइंटवरचं माझं क्षेत्ररक्षण फार आवडलं." मुलगी नखानं पँटची शिवण टोकरत होती. "ऐकलं तेव्हाच वाटलं, ही मी नव्हे. मग म्हटलं, असेल बाई, दुसऱ्या कुठल्या सामन्यात बघितलं असेल मला."

"मी तुला आज पहिल्यांदा बघते आहे."

मुलीचा आवाज चढला. "मग काय झालं? या हंगामात माझ्या चारशे दहा धावा आहेत, मावशी. अकराच्या एकशे बारा. मी काही चोरून आलेली नाही."

"त्या धावांवर तुला घेतलं नाही."

"मग त्या लिहितात कशासाठी?"

मावशीनं घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. चार वाजेपर्यंत नुसतं गप्प बसायचं. तेवढंच. मुलगी वाईट नव्हती. चौदा खेळल्या नाहीत तरच पंधरावीला विचारतात. कुणाला कळणार होतं? अकराला माहीत नव्हतं, मास्तरला माहीत नव्हतं. आणि मावशीची नजर चुकत नाही, हे जसं आजवर होतं तसंच राहिलं असतं. त्या नजरेशिवाय तिच्यापाशी आता दुसरं होतं तरी काय? दोन गुडघे.

शिंप्यानं ओळखलं. तीस वर्षांचा संसार. तो हळू म्हणाला, "चार तास आहेत. जरा पडतेस का?"

"पडले तर उठणार नाही," मावशी म्हणाली आणि फोन उचलला.

कप्तान आणि मास्तर कार्यालयात एकत्रच बसले होते. मावशीनं काही झाकलं नाही. उशिरा पोचले, शर्ट बघितला, चेहरा बघितला नाही. जी मला हवी होती ती अकरा. पंधरावं नाव बदला.

"कुणाला माहीत आहे?" कप्ताननं विचारलं.

"मला."

"ते कळलं गं. आणखी कुणाला?"

"कप्तान, आणखी कुणाला कशाला हवं?"

मग मास्तर बोलला. रागानं नाही. मास्तर कधीच रागानं बोलत नाही, हीच त्याची पंचाईत. "मावशी, काल मी तुमच्या शब्दावर गप्प बसलो. माझ्याकडे आकडा होता, तुमच्याकडे नजर होती. काल ती नजर सत्तावीस म्हणाली, आज अकरा म्हणते. एकशे बारा धावांची मुलगी मी कुठल्या तोंडानं पुढे करू? मावशींनी पुन्हा आठवून बघितलं, असं सांगू?"

"मी तिला बघितलंय हो. तिचे पाय..."

"एकदा बघितलंय. एका सामन्यात. दुसऱ्याच्या शर्टात."

मावशीनं समोर बसलेल्या मुलीकडे बघितलं. आगीतून निघून आपण फुफाट्यात चाललो आहोत, हे तिला कळत होतं. "मग सत्तावीसच राहू द्या," ती म्हणाली. "धावा बऱ्या आहेत तिच्या. तुम्हीच म्हणाला होतात, चौतीस."

"बऱ्या आहेत. पण एकेचाळीसपेक्षा बऱ्या नाहीत. ती फक्त तुमच्या क्षेत्ररक्षणावर आत आली होती, मावशी. ते तुम्हीच आता काढून घेतलंत."

हिशेब सरळ होता. मावशीचा शब्द काढला की उरत होती ती मास्तरची संथ, खंबीर मुलगी.

कप्तान शेवटी म्हणाली, "फोनच कशाला केलास गं तू?" आवाजात दोष नव्हता. नुसता थकवा होता, दोघींचा एकत्र. "ठीक आहे. मास्तर, बदला. कार्यालयातून त्या मुलीला फोन करायला सांगते."

"तिला फोन नको," मावशी म्हणाली. "ती इथंच आहे."

फोन ठेवल्यावर मुलगी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे अकरासुद्धा नाही?"

"नाही."

"मग तुम्ही नक्की कुणासाठी खरं बोललात?"

शिंपी उठून आत गेला. पाणी आणायला असेल, किंवा नुसताच.

"तुझ्या घरी कोण कोण आहे?" मावशीनं विचारलं.

"आई. आणि आता सगळी गल्ली असेल. चारची वाट बघत."

"चल. मी येते. आईला मी सांगते."

"तुम्ही कशाला?"

"चूक माझी आणि तोंड तू दाखवायचं? चल."

दोन बस बदलाव्या लागल्या. दोघी शेजारी बसल्या. एकदा मुलीनं खिडकी थोडी लावून घेतली, मावशीच्या डोळ्यांत धूळ जात होती म्हणून. दुसरी बस रखडली. उतरल्या तेव्हा चार वाजून गेले होते.

मुलीच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. दुकानाला लागून असलेल्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीनं बसली होती. शेजारणी, समोरचा सायकलवाला, मुलीचे मामा. इस्त्री केलेल्या कपड्यांचे गठ्ठे कपाटावर ढकलून जागा केलेली. टीव्हीवर नावं वाचणं चालू होतं. "आली, आली! गप्प बसा रे!" कुणीतरी मुलीला आत ओढलं. मावशीकडे कुणी बघितलं नाही. तिला आत शिरायला जागाच नव्हती. ती उंबऱ्यावर उभी राहिली.

बारावं नाव. तेरावं. चौदावं. मामांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. पंधरावं नाव वाचलं गेलं आणि बातम्या पुढे सरकल्या.

"राहिलं असेल," सायकलवाला म्हणाला. "पुन्हा वाचतील. थांबा."

"पुन्हा वाचणार नाहीत," मावशी उंबऱ्यावरून म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. तिनं आपण कोण ते सांगितलं. मग बाकीचं सांगितलं, शाळेत पोरांना खेळाचे नियम सांगायची तसं, एकेक करून, काही न गाळता. शर्टाचं, रक्ताचं, उशिरा आलेल्या बसचं, फोनचं. सांगताना तिला उभं राहवत नव्हतं, पण बसा असं कुणी म्हटलं नाही.

मामा उठले. "म्हणजे तुम्हाला शर्ट दिसला, माणूस दिसलं नाही?"

"हो."

"आणि तुम्ही देशाचा संघ निवडता!"

"हो," मावशी म्हणाली.

हो म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं? मामा खाली बसले. मुलीच्या आईनं टीव्ही बंद केला. माणसं एकेक करून उठली, कुणी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, कुणी चपला शोधत. जाता जाता एक म्हातारी शेजारीण मावशीच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, "सांगायला आली तरी." हे कौतुक होतं की टोमणा, ते मावशीला कळलं नाही.

मग आईनं स्टूल पुढे केलं. मावशी बसली. मुलगी दुकानाच्या टेबलाशी गेली, इस्त्री गरम आहे का ते बघितलं, आणि सकाळपासून पडून राहिलेल्या चादरी एकेक करून हाती घेतल्या. घडी, वाफ, घडी.

"पुढच्या वर्षी तरी?" आईनं हळू आवाजात विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. त्या बाईला तेच ऐकायचं होतं, आणि मावशीलाही तेच म्हणायचं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "मी असेन की नाही तेही माहीत नाही. कप्तान मला ठेवणार नाही, आणि ठेवली तरी माझं ऐकणार कोण? पण हिनं धावा करत राहाव्यात. मास्तर आकडे वाचतो, आणि ते तो प्रामाणिकपणे वाचतो."

आईनं ऐकून घेतलं. रागावली होती की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. दिवसभर इस्त्रीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा चेहरा तसाही तापलेलाच असतो.

"आणि ती दुसरी पोर?" तिनं विचारलं. "पट्टीवाली. तिला कुणी सांगितलं का?"

"तिला यातलं काहीच माहीत नाही. मी विचार करत होते, जाताना तिच्याकडेही जावं. तिला कळायला हवं, की कुणीतरी तिला बघितलंय."

"जाऊ नका," आई म्हणाली. "जे आलंच नाही, ते गेलं म्हणून कशाला सांगता? एक घर पुरे झालं."

टेबलापाशी मुलगी चादरीची चौथी घडी घालत होती, टाचा जमिनीवर घट्ट टेकवून. मावशीनं घरी जायच्या बसची वेळ विचारली. सव्वापाचची आहे, आई म्हणाली, आणि चौकापर्यंत सोडायला चप्पल घालून निघाली.